नात्यातल्यानं फाइल तपासायची नाय

मी तिथं भज्यांसाठी गेले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरीला समाजसेवेची लय हौस.

झालं असं, घोटीला भाताच्या गिरणीत मी पोत्यांची तोंडं शिवते. हातात धरायचं मशिन असतं, खर्रर्र केलं की पोतं बंद. ते मशिन रुसलं. शेठ म्हणाला, "सृष्टी, नाशकाला घेऊन जा. शालिमारपाशी दुरुस्तीवाला हाय."

म्हणलं, "शेठ, उद्या रविवार."

"धंदेवाल्याला कसला गं रविवार!"

गेले. दुकानाला हे एवढं कुलूप. वर श्रावण. आमच्या घोटी-इगतपुरीकडं पाऊस पाव्हण्यासारखा येत नाय, घरजावयासारखा राहतो. घरात एक कापड धड वाळलेलं नसतं. सगळ्या गावाला ओल्या गोधडीचा वास. त्या दिवशी नाशकातबी तसाच लागला होता. खांद्याला मशिनची पिशवी, छत्रीची एक काडी मोडलेली, आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काय नाय. एका इमारतीच्या जिन्यात उभी राहिले तर वरून वास आला. कांदाभजी! गरम!

जिन्यात कागद चिकटवला होता: 'योजनांच्या फाइली लावायला या. कुणीही या. चहा-भजी मिळतील.'

'कुणीही' म्हणजे मीबी आलेच की. चढले.

वर एक खोली. दहाबारा पोरंपोरी लॅपटॉप मांडून बसलेली, मधी परात. मी परातीकडं बघत होते आणि कुणीतरी माझ्याकडं. उंच, काटकुळा, कपाळावर केस आलेले. शर्टाच्या खिशाला पेन नाय, स्क्रू-ड्रायव्हर!

"ताई, भिजलात तुम्ही. बसा ना. पिशवीत काय आहे? पाणी गेलंय का?"

"मशिन हाय. पोती शिवायचं. मेलंय."

त्याचा चेहरा असा उजळला, जसं काय मी पेढे आणलेत. "बघू? मी एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात आहे, काँट्रॅक्टवर. फिटर." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पिशवी उघडली. मंग त्यालाच वाटलं असंल की हे बरं दिसत नाय. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "तोवर तुम्ही हे वाचा. समजतंय का तेवढं सांगा."

एका हातात भजं, दुसऱ्या हातानं ते वर-खाली करत मी वाचलं. 'सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अर्जदाराने आपल्या वास्तव्याच्या ठिकाणच्या सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेला दाखला...' असं ते चाललं होतं, चाललं होतं, कसारा घाट संपंल पण ते वाक्य संपंना.

"सक्षम प्राधिकारी म्हणजे कोण?"

"तहसीलदार," तो मशिनमधून मान न काढता म्हणाला.

"मंग तहसीलदार लिहायला काय लाज वाटती का? आणि हे वाक्य... मधी श्वास कुठं घ्यायचा? कुणी लिहिलंय हे?"

त्यानं मान वर केली. कानाच्या पाळ्या लाल.

"मी."

माझ्या घशात भजं अडकलं. एक बाई खो-खो हसायला लागली. ती अफरीनमॅडम, ह्या मंडळींची म्होरकी. कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या कामावर हाय, पण बोलायला एकदम मोकळी. "शेखर," ती म्हणाली, "तू दोन महिने विचारत होतास ना, मला रिव्ह्यूवाला कधी मिळणार? आली बघ. भिजत आली."

तेवढ्यात खर्रर्र! मशिन चालू झालं. शेखरनं त्याचाच रुमाल शिवून टाकला होता, चारी बाजूंनी.

---

त्या दिवसापासून मी दर रविवारी तिथं जायला लागले. आता तिथलं काम काय, ते सांगते.

सरकारच्या योजना ढीगभर. कुठली बाईला, कुठली म्हाताऱ्याला, कुठली पोरीच्या शाळेला. त्यांची माहिती अशी विखुरलेली की माणूस शोधता शोधता म्हातारा होतो, आणि मंग दुसरीच योजना लागू होती. तर ह्या लोकांनी ठरवलं, एका योजनेची एक फाइल करायची. कुणाला मिळतं, काय मिळतं, कागद कोणते, जायचं कुठं. सगळ्या फाइली एकाच साच्यात, एकाच जागी, उघड्यावर. ज्याला पाहिजे त्यानं घ्याव्या, ज्याला चूक दिसली त्यानं दुरुस्त कराव्या. देशभरातली माणसं त्यात. मालक कुणी नाय. ओपन सोर्स म्हणतात त्याला. गावची विहीर समजा.

पण एक नियम कडक. आपण केलेला बदल आपणच पास करायचा नाय. ज्यानं आमटी केली त्यानंच चमचा चाटून 'वा वा' म्हणायचं नाय, दुसऱ्यानं चाखायची, ह्यालाच रिव्ह्यू म्हणतात. तो 'बरोबर' म्हणाला की मंगच फाइल आत.

मी नववीत शाळा सोडली. कुणी सोडवली नाय, मीच सोडली, माझं आणि गणिताचं जमंना. आईनं लय मारलं, पण गेले नाय ती नायच. तेव्हापासून मला कुणी 'हे बरोबर हाय का?' असं विचारलेलं नव्हतं. 'हे उचल' म्हणायचे, 'ते शीव' म्हणायचे. आणि इथं माझ्या मोबाइलवर एक खूण यायची: शेखरनं फाइल टाकली हाय, सृष्टीच्या होकारासाठी थांबली हाय. माझ्या होकारासाठी! गिरणीत जेवायच्या सुट्टीत भाकरी बाजूला ठेवून मी पहिलं ते उघडायची.

हळूहळू मीबी फाइली लिहायला लागले आणि त्या शेखर तपासायचा. जोडीच पडली आमची.

तिथं खाली कॉमेंट लिहायची सोय असते. त्यानं सुरुवातीला लिहिलं, 'सृष्टीताई, तिसऱ्या ओळीत बदल केला आहे, कृपया पाहावे.'

मी लिहिलं, 'पाहिलं. अजून लांबच हाय. कात्री घ्या.'

पुढच्या वेळी, 'सृष्टी मॅडम, कात्री घेतली.'

'मॅडम कुणाला म्हणता? पोती शिवते मी.'

मंग दोन दिवस काय नाय. तिसऱ्या दिवशी नुसतं, 'सृष्टी, बघशील?'

आईशप्पथ सांगते, एवढंसं वाक्य. पण मी ते जेवायच्या सुट्टीत वाचलं, चहाच्या सुट्टीत वाचलं, घरी जाताना चिखलातनं चालत वाचलं आणि चप्पल चिखलातच राहिली. घरी गेल्यावर आई म्हणाली, "एकच चप्पल? कुत्र्यानं नेली का?"

"रिव्ह्यू चालू होता."

"कुणाचा?"

आईचं नाव सगुणाबाई. शाळेत गेली नाय, पण पोलिसात असती तर साहेब झाली असती.

मंग आमचं चालूच झालं. मी लिहायची, 'कागद कोणते त्यात रेशनकार्ड राहिलं. लक्ष कुठं होतं?' तो लिहायचा, 'घोटीच्या दिशेला.' मी लिहायची, 'तिकडं धुकं असतं, काय दिसणार?' तो म्हणायचा, 'दिसत नाही, म्हणूनच बघत बसतो.'

गोड वाटायचं. आम्हाला आपलं वाटायचं, फाइलीच्या खालच्या अंगाला, त्या कोपऱ्यात कोण येतंय वाचायला? कपाटामागं उभं राहून बोलल्यासारखं.

नवरात्रात एका रविवारी अफरीनमॅडमनं मला बाजूला घेतलं. "सृष्टी, तुला ओपन सोर्समधलं 'ओपन' समजलंय ना?"

"उघडं."

"उघडं म्हणजे, तुमची कॉमेंटं सगळ्यांना दिसतात. सगळ्यांना. हैदराबादचे लोक विचारत होते, नाशिकच्या फाइलींवर एवढं काय लिहितात हे दोघं, काही अडचण आहे का? एकानं भाषांतर करून बघितलं. त्याला ते धुक्याचं समजेना. म्हणाला, हवामानाची योजना आहे का?"

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी मोबाइलसकट आत जावं. मागं वळून बघितलं तर शेखर खुर्चीत पाठमोरा, पण कानाच्या पाळ्या... त्याला आधीच सांगून झालं होतं!

त्या दिवशी आम्ही दोघं महामार्ग बसस्टँडपर्यंत चालत गेलो. त्याची बस दुसरीकडून होती, तरी आला. पाऊस ओसरला होता, रस्त्यावर नुसती ओल. तो डबकी चुकवत चालायचा, मी त्याच्या मागं. शेवटी मीच म्हणलं, "हैदराबादला कळवा, आता हवामान स्वच्छ हाय."

तो एवढा हसला, एवढा हसला... बाजूचा पेरूवाला बघायला लागला. मंग शेखरनं दोन पेरू घेतले, एक मला दिला आणि म्हणाला, "इथं कोण भाषांतर करणार नाही."

मी पेरू खाल्ला नाय. घोटीपर्यंत हातातच धरून बसले, नुसता वास घेत.

---

दिवाळीच्या तोंडाला मी घोळ केला.

शिलाई मशिन मिळायची एक योजना. मला तिच्या दोन फाइली सापडल्या. नाव जवळजवळ तेच, कागद तेच, मशिन तेच. म्हणलं, कुणीतरी एकच गोष्ट दोनदा लिहून ठेवली. मी लिहिलं, 'ही दुसरी फाइल जादाची हाय, काढते.' होकारासाठी शेखरकडं टाकली. पाणी प्यायला उठले आणि येईस्तवर त्याचं 'बरोबर' आलेलंबी! मला काय वाटलं सांगू? वाटलं, माझी हुशारी.

त्या दोन वेगळ्या योजना होत्या. एक जिल्ह्याची, एक राज्याची. जिल्ह्याची मी उडवली होती.

रविवारी अफरीनमॅडमनं मोबाइल पुढं धरला. पेठकडच्या नवसाबाई म्हणून बाई, त्यांच्या गावातल्या बायांनी त्या फाइलीवरून अर्जाची तयारी केली होती. मुदत जवळ आली, कागद बघायला परत उघडलं तर फाइलच गायब. त्यांना वाटलं, योजना बंद झाली. बायांनी कागद गुंडाळून ठेवले. नवसाबाईंनी मात्र फोन केला, "बाई, सरकारनं बंद केली का तुम्ही?"

अजून मुदत होती, म्हणून वाचलो. इथं पुसलेलं परत आणता येतं, अफरीनमॅडमनं तिथंच बसून फाइल परत आणली आणि नवसाबाईंना कळवलं. ओरडली नाय. पण शेखरला विचारलं, "ही काढायला तू होकार दिलास. वाचलं होतंस?"

शेखर उभाच. "वाचलं..."

"काय वाचलं?"

"...नाव वाचलं."

"योजनेचं?"

"नाही. सृष्टीचं."

बंटी म्हणून एक आमच्यातला, त्याच्या तोंडातनं चहा उडाला. सगळे हसले. मी हसले नाय. मला त्या बायांचे गुंडाळलेले कागद दिसत होते. आणि शेखरबी हसला नाय.

अफरीनमॅडमनं मंग सगळ्यांना एक जुना नियम वाचून दाखवला. कुठंतरी एका भावानं भावाची फाइल डोळे झाकून पास केली होती, तेव्हापासूनचा. नात्यातल्यानं नात्यातल्याची फाइल तपासायची नाय. "कारण माणूस आपल्या माणसाच्या चुका बघत नाही," ती म्हणाली. "तुमच्यात कुणी नात्यातले असाल, तर सांगा आणि नावं बदला." कुणी हात वर केला नाय. आमचं काय नातं होतं? एक पेरू!

गुरुवारी गिरणीत जेवायला बसले, मोबाइल उघडला. शेखरची नवी फाइल आली होती. होकारासाठी थांबली होती... बंटीच्या.

मागच्या सगळ्या फाइली बघितल्या. जिथं जिथं माझं नाव होतं, तिथं बंटी. माझ्या फाइलींवरनं शेखरचं नाव गेलेलं. खाली कारण लिहायची जागा असते, तिथं लिहिलं होतं, 'नंतर कळवतो.'

भाकरी डब्यात परत टाकली. फोन लावला.

"माझं नाव काढलं?"

तिकडं पॉवर स्टेशनची घरघर. "हो... ते... सृष्टी, तू माझ्या फाइली नको तपासू आता. मीही तुझ्या नाही तपासणार."

"चुकले म्हणून?"

"नाही! म्हणजे हो, चूक झाली, पण तसं नाही, म्हणजे... रविवारी सांगतो ना."

"काय सांगायचं राहिलंय?" म्हणलं आणि फोन ठेवला.

पोत्यांवर सुई चालवत होते आणि डोळ्यापुढं तीन-तीन सुया दिसत होत्या. त्याचा राग येत होता, पण खरं दुःख वेगळंच. सगळ्या दुनियेत एका जागी माझ्या 'बरोबर'ला किंमत होती. ज्यानं ती दिली, त्यानंच काढून घेतली. एका चुकीवर. म्हणलं, ठीक हाय. उचल म्हणाले तर उचलू, शीव म्हणाले तर शिवू. कशाला जायचं जिना चढून?

रविवारी गेले नाय. घरी कांदे निवडत बसले. आई म्हणाली, "आज तुझा रिव्ह्यू नाय?"

"बंद केला."

"त्यानं केला का तू?"

"आई, गप ना!"

"मी गपच हाय. कांदे ठेव खाली, चांगलेबी फेकायला लागलीस."

---

दिवाळीनंतर नवा भात गिरणीत येतो. दिवसभर मशिनी, अंगणात तुसाचे डोंगर, वारा सुटला की सगळ्यांच्या डोक्यावर सोनेरी तूस. त्या धुरळ्यात मंगळवारी दुपारी फाटकातनं एक उंच, काटकुळा माणूस आत आला. अंगावर कामाचाच निळा शर्ट, डोळे चोळतोय, नाकात तूस गेलंय, शिंकतोय. एक शिंक, अजून एक, थांबंचना.

शेठ म्हणाला, "कोण पाहिजे?"

"सृ... आक्छी! ...ष्टी."

मी मशिन खाली ठेवलं नाय. "काय काम हाय? बंटीला विचारा."

"सृष्टी, दोन मिनिटं."

"बोला. मशिन चालूच राहील." आणि खर्रर्र केलं.

तो त्या आवाजावर ओरडून बोलायला लागला. "त्या दिवशी मी ती फाइल वाचली नाही!"

"माहिती हाय!" खर्रर्र.

"तुझं नाव दिसलं की मी पुढचं वाचतच नाही! तुझी एकही चूक मला दिसत नाही! दिवाळीपासून नाही, श्रावणापासून! मी मागच्या सगळ्या काढून बघितल्या, तू चुकली आहेस, बऱ्याचदा चुकली आहेस, मी सगळ्या पास केल्यात!"

पोती उचलणारे थांबले. मशिनवाला थांबला. माझ्या मशिनचा दोरा संपला, का माझाच हात सुटला, कोण जाणे... पण गिरणीत एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत तो अजून त्याच आवाजात ओरडला, "तो नियम आहे ना, नात्यातल्याचा! मला तो लागू होतोय!"

तूस हळूहळू खाली बसत होतं. त्याच्या केसांवर, पापण्यांवर. मला त्याच्याकडं बघवंना आणि नजर काढवंना.

"कुठलं नातं?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, शंका हाय.

"ते... जे तू म्हणशील ते." आता तो एकदम हळू बोलायला लागला. "तू नाही म्हणालीस तर बंटीचं नाव काढतो, तुझं परत टाकतो, आणि डोळ्यात तेल घालून तुझ्या चुका काढतो. जमेल असं वाटत नाही, पण करतो."

आता खरं सांगते. आतनं मला उडी मारावीशी वाटत होती. पण वरनं राग आला, आणि तोबी खराच होता.

"शेखर, एक सांग. फाइलीत बदल करायचा असला तर आधी काय करतात?"

"...विचारतात."

"कुणाला?"

"दुसऱ्याला."

"आणि तू? मला न विचारता माझं नाव काढलं, कारण लिहिलं 'नंतर कळवतो'. मी इकडं पाच रात्री काय काय समजून घेतलं माहिती हाय? मला वाटलं, ही नववीत शाळा सोडलेली, हिचा काय भरवसा, असं वाटलं असंल तुला."

त्याचा चेहरा असा पडला, मला दया आली. "असं... असं वाटलं तुला?"

"मंग काय वाटायचं? तिथं माझं एवढंच होतं. तुला काय, तुझं पॉवर स्टेशन हाय."

"मी घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "आधी विचारलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मी तुझ्या फाइली काय तोंडानं उघडल्या असत्या? म्हणून आधी नाव काढलं. उलटं केलं. चुकलं."

"बरं. आता सुलटं कर."

तो घसा साफ करायला लागला. पोतीवाले भिका मामा पोत्यावर टेकून बसले, आरामात, जसं काय तमाशाला आले. शेठनंबी मशिनवाल्याला हातानं 'थांब' केलं.

"सृष्टी," शेखर म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

भिका मामा म्हणाले, "वाक्य बारकं हाय, पण चांगलं हाय."

मला हसू दाबवंना. पण लगेच हो म्हणायचं? सगळ्या गिरणीपुढं? मी दोरा ओवायला घेतला, तो सुईत जाईना. त्यानं पुढं येऊन तो ओवून दिला. बोटाला बोट लागलं... बस, एवढंच. पण ती वेळ अशी थांबली, मला तुसाचा कण न् कण दिसत होता.

"माझी अडचण हाय एक," मी हळू बोलले, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "हो म्हणलं, तर तुझ्या फाइली माझ्याकडनं कायमच्या जातील. त्या मला लय आवडतात. तुझी वाक्यं कापायला मजा येती."

"फाइलीतली जातील," तो म्हणाला. "मी घरीही तसाच बोलतो. आयुष्यभर काप."

"घरी कोण ऐकणार मधी?"

"कुणी नाही. भाषांतरही नाही."

मी मशिन उचललं. "रविवारी सांगते."

"आत्ता नाही?"

"तू मला 'रविवारी सांगतो' म्हणालास तेव्हा कसं वाटलं, तेबी कळू दे जरा." आणि खर्रर्र!

तो शिंकत शिंकत गेला. फाटकाशी आई उभी, माझा डबा घेऊन. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोक्यावरचं तूस बघितलं, आणि पदरानं सरळ त्याचं डोकं झटकलं, बैलाची पाठ झटकावी तसं. "जेवलास का?"

"नाही."

माझा डबा तिनं त्याला दिला. मला दिवसभर उपाशी ठेवलं. त्यावरनं मला कळलं, घरातला होकार झाला.

---

रविवारी मी जिना चढले. खोलीत शेखर आधीच येऊन बसलेला, दाढी केलेली, गालाला ब्लेड लागलेलं. माझ्याकडं बघायचा, लगेच लॅपटॉपकडं. मी कायच दाखवलं नाय. आईच्या पोटची हाय मी.

अफरीनमॅडमनं काम सुरू करायच्या आधी आठवड्याचे बदल वाचले, मागच्या रविवारी राहिलेलेबी. असं करतातच ते दर वेळी. वाचता वाचता थांबली. "शेखर, तू आणि सृष्टी, दोघांची नावं एकमेकांच्या फाइलींवरून काढलीत. कारण 'नंतर कळवतो'. असं कारण चालत नाही आपल्याकडे. नंतर झालं का?"

शेखर उठून उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं. मी बघितलं त्याच्याकडं, आणि मला एकदम कळलं, तो सांगूच शकत नव्हता. कारण माझ्या हातात होतं. तो 'नातं' म्हणाला असता आणि मी नाय म्हणाले असते, तर सगळ्यांपुढं मीच अडकले असते. म्हणून तो उभा होता, मुका, घामाघूम, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत. मला न विचारता एक शब्द काढत नव्हता. आठवड्यात शिकला होता की!

"मॅडम," तो म्हणाला, "मला अजून... म्हणजे माझ्याकडून..."

"मी सांगते," मी म्हणलं.

उभी राहिले. नववीत गणिताला फळ्यापुढं उभं केलं होतं, तशीच. फरक एवढाच की ह्या वेळी उत्तर येत होतं.

"नावं काढली ती बरोबर हाय. तशीच ठेवा."

"कारण?"

"नातं."

बंटीनं कप खाली ठेवला. अफरीनमॅडमनं चष्मा वर केला, गालातल्या गालात. "कुठलं नातं? माझ्या माहितीत तर काही नाही."

"अजून झालेलं नाय," मी म्हणलं. "होणार हाय."

"लांबचं का जवळचं?"

"लय जवळचं."

मंग जो काय गोंधळ झाला! कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी परात वाजवतंय, बंटी ओरडतोय, "अरे पण ह्याची सगळी वाक्यं आता मी वाचायची का!" अफरीनमॅडमनं कारणाच्या जागी काय लिहिलं ते मी बघितलं नाय. मी खाली बसले होते, ओढणीत तोंड घालून.

फाइल तपासताना दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना, समोरासमोर बसायचं, अशी आमची पद्धत. इतके महिने तो समोर आणि मी इकडं. आता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वर बघितलं तर तो टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन बसत होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिथंच राहिला.

समोर स्क्रीनवर बंटीची फाइल उघडली होती. आम्ही दोघं मिळून तिच्यात चुका शोधायला लागलो.